टायगरमिल्क (१९९६) : हजार प्रतींचा अल्बम आणि कव्हरवरचा खेळण्यातला वाघ

निळी शाई

गेला आठवडाभर एकच अल्बम ऐकतेय. बेल अँड सबॅस्टियनचा पहिला, टायगरमिल्क. आधी ऐकला नव्हता असं नाही, कितीतरी वेळा ऐकलाय, पण नेहमी काहीतरी करता करता. यावेळी सगळं बाजूला ठेवून, कव्हर समोर धरून, पहिल्या गाण्यापासून दहाव्यापर्यंत सलग ऐकला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडी गोष्ट. ग्लासगोतला बँड. गाणी लिहिणारा आणि गाणारा मुख्य माणूस स्टुअर्ट मर्डॉक. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तो आजारी पडला, एमई म्हणजे क्रॉनिक फटीग सिंड्रोम, ज्यात अंगातली ताकदच निघून जाते. युनिव्हर्सिटी सुटली, नोकरी अशक्य, साधारण सात वर्षं तशीच गेली. त्या रिकाम्या वर्षांत तो गाणी लिहायला लागला. जरा बरं वाटल्यावर बेकार संगीतकारांसाठी बीटबॉक्स नावाचा एक कोर्स होता तिथे गेला, तिथे बास वाजवणारा स्टुअर्ट डेव्हिड भेटला, दोघांनी मिळून डेमो केले आणि ते डेमो फिरत फिरत स्टो कॉलेजात पोचले. तिथे म्युझिक बिझनेसचा कोर्स चालायचा, शिकवायला असोसिएट्स बँडमधला अ‍ॅलन रँकिन, आणि कोर्सची पोरं इलेक्ट्रिक हनी नावाचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, चालवायची. एरवी ते लेबल एखादं सिंगल, म्हणजे एकदोन गाण्यांची तबकडी, काढायचं. पण मर्डॉककडे गाण्यांचा एवढा साठा होता की त्या वर्षी अख्खा अल्बमच काढायचं ठरलं. ग्लासगोच्याच का-व्हा स्टुडिओत थोडक्या दिवसांत रेकॉर्डिंग उरकलं आणि जून १९९६ मध्ये एक हजार एलपी निघाल्या. सीडी नाही, कॅसेट नाही. हजार तबकड्या आणि विषय संपला.

आता मला जे म्हणायचंय ते. हा अल्बम ऐकताना सतत जाणवतं की ही माणसं गर्दीसाठी गात नाहीयेत. आपलं गाणं लाखो लोक ऐकतील अशी कल्पना डोक्यात असली की आवाज बदलतो, माणूस थोडा ताठ होतो, शब्द जरा जोरात टाकतो. इथे ते नाहीच. मर्डॉक असा गातो की समोर फार तर दोन माणसं बसलीयेत आणि त्यातलं एक जवळचं आहे. आणि कव्हर बघा, तेही तसंच. कृष्णधवल फोटो, एक तरुणी, अंगावर कपडे नाहीत, आणि खेळण्यातल्या वाघाला छातीशी धरलंय, जणू दूध पाजतेय. ही मॉडेल नाही, मर्डॉकची मैत्रीण, आणि फोटो खुद्द त्यानेच काढलेला. गाणी घरची, फोटो घरचा, लेबल वर्गातल्या पोरांचं. माझ्या मते गाणी आणि कव्हर इतके एकजीव झालेले अल्बम फार कमी आहेत.

तुम्हाला काय वाटतं लिहा. नवीन ऐकणाऱ्यांनी 'द स्टेट आय अ‍ॅम इन'पासूनच सुरू करा, मधूनच उचलू नका.

चौथी तार

मस्त धागा!! माझा प्रचंड आवडता अल्बम.

मी गिटार वाजवतो म्हणून त्या बाजूने लिहितो. 'द स्टेट आय अ‍ॅम इन' सुरू होतं तेव्हा फक्त आवाज आणि अ‍ॅकूस्टिक गिटार, तीही हळू. मग एकेक वाद्य येत जातं आणि शेवटाकडे पोचेपर्यंत अख्खा बँड वाजत असतो, पण नक्की कधी सगळे आले ते कळत नाही. हे वाटतं तितकं सोपं नाही. हळू आवाजात गाणाऱ्याभोवती एवढ्या जणांनी वाजवायचं म्हणजे प्रत्येकाने स्वतःला आवरायला लागतं, ड्रमरने सगळ्यात जास्त, कारण ड्रम जरा चढला की आवाज बुडाला. रिचर्ड कोलबर्न इथे जे वाजवतो त्याची स्तुती कुणी करत नाही, मी करतो. आणि हा माणूस त्याच स्टो कॉलेजच्या कोर्सचा विद्यार्थी होता, म्हणजे लेबलवाल्यांपैकीच एक जण ड्रमवर.

ऐकताना अजून एक जाणवेल, वाद्यं एकमेकांत थोडी सांडतात. खूप माणसं जवळ बसून वाजवत असली की गाण्याच्या माइकमध्ये गिटार येते, गिटारच्या माइकमध्ये ड्रमची झांज येते. मोठ्या स्टुडिओत हे टाळायला केवढा आटापिटा करतात. मला उलट त्यामुळेच तिथे बसल्यासारखं वाटतं. पुढच्या काही अल्बमांत आवाज खूप स्वच्छ झाला, चांगलाच झाला, पण हे सांडणं गेलं.

स्टीव्ही जॅक्सनच्या इलेक्ट्रिक गिटारबद्दल पण लिहायचंय पण आत्ता वेळ नाही, येतो परत.

रातकिडा

अल्बम छान आहे, पण 'इलेक्ट्रॉनिक रेनेसाँ' मला तेव्हाही झेपलं नाही आणि आजही झेपत नाही. चार गाणी गिटार, पियानो, चेलो आणि अचानक सिंथ आणि ड्रम मशीन, आवाजसुद्धा गाळणीतून काढल्यासारखा. अ‍ॅकूस्टिक अल्बमात हे का? मी दरवेळी पुढे ढकलतो.

निळी शाई

@रातकिडा, मीपण ढकलायचे. पण एलपीचा विचार करून बघा. दहा गाणी, पाच या बाजूला पाच त्या बाजूला. 'इलेक्ट्रॉनिक रेनेसाँ' पाचवं, म्हणजे पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं. ते संपलं की सुई उचलायची, उठायचं, तबकडी उलटी करायची. म्हणजे ते मधे घुसलेलं गाणं नाहीच, मध्यंतराच्या आधीचं गाणं आहे. आपण फोनवर सलग ऐकतो म्हणून त्याच्या पाठोपाठ सहावं धडकतं आणि खटकतं. मी आता पाचवं संपल्यावर दोन मिनिटं थांबते आणि मगच सहावं लावते, खरंच फरक पडतो.

आणि दुसरं म्हणजे हा पहिला अल्बम आहे. आपण फक्त गिटारवाले असं त्यांनी अजून ठरवलेलं नव्हतं. मला तो मोकळेपणा आवडतो.

रातकिडा

बाजूंचा विचार कधी केलाच नव्हता. आज रात्री तसं ऐकून बघतो, मग सांगतो.

अंधारखोली

मी गाण्यातला माणूस नाही, फोटोतला आहे, फिल्मवर फोटो काढतो आणि स्वतः धुतो, त्यामुळे कव्हरबद्दल बोलतो.

या बँडची कव्हरं एका ओळीत मांडून बघा. टायगरमिल्क कृष्णधवल, मग त्याच वर्षी नोव्हेंबरात आलेला 'इफ यू आर फीलिंग सिनिस्टर' लाल, १९९८ चा 'द बॉय विथ द अरब स्ट्रॅप' हिरवा. एक फोटो, एक रंग, बाजूला साधी अक्षरं. ही पद्धत त्यांनी शोधलेली नाही, ती मँचेस्टरच्या द स्मिथ्स या बँडकडून आलीये हे उघड आहे, त्यांचीही कव्हरं अशीच एकरंगी आणि त्यांच्यावरही बँड सहसा दिसत नसे. पण फरक कुठे आहे बघा, आणि हा फरक मला फार मोठा वाटतो. स्मिथ्सच्या कव्हरांवर बहुतेक जुन्या सिनेमांतले चेहरे असायचे, नटनट्या, नाहीतर आधीच कुठेतरी छापून आलेले फोटो. म्हणजे ज्यांच्यावर दुरून जीव जडलाय अशी माणसं. मर्डॉकने पद्धत तीच ठेवली पण चेहरे आपल्या ओळखीतले घेतले आणि कॅमेरा स्वतःच्या हातात ठेवला. सिनिस्टरच्या कव्हरवरसुद्धा मैत्रीणच आहे, शेजारी काफ्काची 'द ट्रायल' ही कादंबरी ठेवलेली. अरब स्ट्रॅपवर बँडचाच कीबोर्डवाला ख्रिस गेडिस. २००० साली आलेल्या अल्बमवर आइसलँडच्या म्यूम बँडमधल्या जुळ्या बहिणी.

ओळखीच्या माणसाचा फोटो काढणं आणि मॉडेलचा काढणं यात काय फरक असतो ते ज्याने दोन्ही केलंय त्याला विचारा. मॉडेलला कॅमेरा सवयीचा असतो, ती तुम्हाला चेहरा देते. मैत्रीण तुम्हाला चेहरा देत नाही, ती तिथे नुसती असते, आणि तुम्हाला तो क्षण सापडेपर्यंत थांबायला लागतं. टायगरमिल्कच्या फोटोत ते थांबणं दिसतं.

पावसाळी

थोडं वेगळं मत मांडते, चालेल ना.

मला ही गाणी खूप आवडतात पण कव्हर बघून मी सुरुवातीला अवघडले होते. उघडी तरुणी, फोटो काढणारा पुरुष, आणि बाजारात जाणारी वस्तू. आपण किती वेळा बघितलंय हे, रेकॉर्ड खपावी म्हणून बाईचं शरीर कव्हरवर. गाणी इतकी हळवी आणि कव्हर असं, याचं मला कोडं होतं. अजूनही पूर्ण सुटलेलं नाही.

निळी शाई

पावसाळी, बरं झालं लिहिलंस, हा प्रश्न यायलाच हवा होता.

मी यावर बराच विचार केलाय. मला तो फोटो खपवण्यासाठी काढलेला वाटत नाही याची दोन कारणं. एक म्हणजे हजारच प्रती होत्या, त्याही कॉलेजच्या लेबलच्या, खपवायचं तरी कुणाला. दुसरं जास्त महत्त्वाचं, त्या फोटोत वाघ आहे. वाघाशिवाय तो फोटो कल्पून बघ, मग तू म्हणतेस तसंच होईल, नुसतं शरीर. पण खेळण्यातला वाघ आला की ते शरीर कुणाचीतरी आई होतं, आणि तीही खोट्या बाळाची, आणि बाळ वाघाचं. लहानपणी आपण बाहुलीला भरवायचो ना, तसला अगदी गंभीर खेळ. वाघिणीचं दूध म्हटलं की आपल्याला कायम पराक्रम आठवतो, अंगात बळ येणं वगैरे. इथे उलटं आहे, दूध माणसाचं आणि पिणारा वाघ कापसाचा. बळाची गोष्टच नाही, माया करण्याची आहे. आणि गाणी लिहिणारा माणूस सात वर्षं अंगात बळ नसताना जगलाय, हे एकदा कळलं की मला तरी त्या फोटोकडे पूर्वीसारखं बघता येत नाही.

तुझं कोडं मी सोडवलं असं म्हणत नाही. मला काय दिसतं ते सांगितलं.

पावसाळी

वाघाशिवाय कल्पून बघ हे पटलं. आणि दूध माणसाचं, वाघ कापसाचा हे वाचून दोन मिनिटं गप्प बसले. अवघडलेपण पूर्ण गेलं नाही पण आता तो फोटो परत बघावासा वाटतोय, जे आधी वाटत नव्हतं.

मागची बाजू

कव्हरबद्दल बोलताय आणि आतल्या मजकुराबद्दल कुणीच काही लिहिलं नाही म्हणून लिहितोय. टायगरमिल्कच्या कव्हरावर मर्डॉकने लिहिलेली छोटीशी गोष्ट आहे, सबॅस्टियन आणि इझाबेल (हीच बेल) नावाच्या दोघांची. ते ग्लासगोतल्या हिलहेड अंडरग्राउंड स्टेशनबाहेर भेटतात. सबॅस्टियनने वादक हवेत म्हणून सुपरमार्केटात चिठ्ठी लावलेली असते आणि ती लावताना इझाबेलने बघितलेलं असतं. बस एवढंच, साधी गोष्ट, पण वाचून झाली की अल्बम कुणी खऱ्या माणसांनी केलाय की गोष्टीतल्या दोघांनी केलाय असा प्रश्न पडतो. बँडचं नावसुद्धा सेसील ओब्री या फ्रेंच लेखिकेच्या मुलांच्या गोष्टीवरून, त्यात सबॅस्टियन हा मुलगा आणि बेल ही त्याची कुत्री. मर्डॉकने ती नावं उचलून स्वतःची माणसं घडवली. आणि गंमत म्हणजे बँडमध्ये चेलो वाजवायला आली तिचं नाव इझोबेल, इझोबेल कॅम्पबेल.

पहिली काही वर्षं हे लोक मुलाखती जवळजवळ द्यायचे नाहीत आणि छापायला फोटोही बँडचे नसलेले पाठवायचे. लोकांना तो नखरा वाटायचा. मला वाटतं गोष्ट लिहिलीये ना, मग गोष्टच बघा, आम्हाला कशाला बघता, इतकं सरळ असावं ते.

अजून एक, ज्यांनी नीट ऐकलं नसेल त्यांच्यासाठी. पहिल्या गाण्यात एक पाद्री गाणाऱ्याची सगळी पापं ऐकून त्यावर छोटी कादंबरी लिहितो आणि त्या कादंबरीचं नाव गाण्याचंच नाव. तेच पुस्तक शेवटच्या गाण्यात, 'मेरी जो'मध्ये, परत येतं. म्हणजे दहाव्या गाण्यातली एकटी बाई पहिल्या गाण्याचं पुस्तक वाचतेय.

चौथी तार

आलो परत.

@मागची बाजू, 'मेरी जो'मधलं पुस्तक माझ्या लक्षातच आलं नव्हतं, इतकी वर्षं ऐकतोय! थँक्यू.

स्टीव्ही जॅक्सनबद्दल. तो आधीपासून ग्लासगोत वाजवणारा, बाकीच्यांपेक्षा हात मुरलेला. पण टायगरमिल्कमध्ये तो हात दाखवत नाही. गाण्याच्या दोन ओळींमधल्या फटीत तो दोनतीन सूर टाकतो आणि बाजूला होतो. ज्याला सगळं येतं त्याने एवढंच वाजवणं, याला मोठं मन लागतं. आणि मिक कुकचा ट्रंपेट, 'एक्स्पेक्टेशन्स'मध्ये ऐका, तो तेव्हा बँडमध्ये नव्हताही, पाहुणा म्हणून आलेला, नंतर आत आला.

'एक्स्पेक्टेशन्स'चे शब्द पण काय आहेत. शाळेत कुणाशी न जमणारी मुलगी वेल्वेट अंडरग्राउंड बँडचे मातीचे पुतळे बनवते, खऱ्या मापाचे! एका वाक्यात अख्खी मुलगी डोळ्यासमोर उभी राहते. मर्डॉक तिला वर नेत नाही, तिची कीव करत नाही, तिच्याशेजारी बसून बोलतो.

थंडीतला चहा

मी हा अल्बम १९९९ च्या सीडीवर पहिल्यांदा ऐकला. जीपस्टर या लेबलने तो परत काढला तेव्हा. त्याआधीची तीन वर्षं नुसतं ऐकून होतो की एक पहिला अल्बम आहे, हजारच प्रती आहेत, ज्यांच्याकडे आहेत ते देत नाहीत आणि विकल्याच तर शेकडो पौंडांना जातात. ज्यांनी ऐकलेला ते कॅसेटवर उतरवलेल्या कॉपीची कॉपी ऐकून. त्यामुळे सीडी हातात आली तेव्हा भीतीच वाटत होती की इतकी वाट बघून काही नाही निघालं तर.

पहिलं गाणं संपेपर्यंत भीती गेली होती. 'वी रूल द स्कूल' लागलं आणि मी खोलीतला दिवा बंद करून बसलो. पियानोची ती उतरत जाणारी चाल, पाखेलबेल या जुन्या जर्मन संगीतकाराच्या 'कॅनन'ची आठवण करून देणारी, तिच्यावर चेलो, आणि एवढ्या हळू आवाजात गाणं की श्वास ऐकू यावा. तेव्हा माझं वय शाळेच्या पुढे फार गेलेलं नव्हतं. त्या गाण्याबद्दल याहून जास्त नीट लिहिता येत नाही मला.

निळी शाई

@थंडीतला चहा, वाचून अंगावर काटा आला.

आता मला सगळ्यात जास्त सांगायचं होतं ते सांगते. सहावं गाणं, 'आय कुड बी ड्रीमिंग', म्हणजे दुसऱ्या बाजूचं पहिलं. त्याच्या शेवटी बँड वाजतच असतो आणि मागे एक बायकी आवाज काहीतरी वाचताना ऐकू येतो. तो इझोबेलचा. स्पीकरवर कळत नाही, हेडफोन लागतो. ती वाचतेय ती वॉशिंग्टन अर्विंगची रिप व्हॅन विंकलची गोष्ट. तोच माणूस जो डोंगरात झोपतो आणि वीस वर्षांनी उठतो, गावात परत येतो तर त्याला कुणी ओळखत नाही.

आता हे त्या सात वर्षांशेजारी ठेवून बघा. ज्या वयात बाकीचे डिग्री घेतात, नोकरीला लागतात, लग्नं करतात, त्या वयात हा माणूस पडून होता. उठला तेव्हा बरोबरीचे सगळे पुढे गेलेले. तो आजारावर गाणं लिहू शकला असता, आणि पुढे खूप वर्षांनी २०१५ साली सरळ सरळ लिहिलंही. पण पहिल्या अल्बमात त्याने ते सांगितलं नाही. दुसऱ्याची गोष्ट घेतली, ती आपण न वाचता मैत्रिणीला वाचायला दिली, तिच्या आवाजावर वाद्यं वाजत ठेवली, इतकी की ज्याला ऐकायचंय त्यालाच ऐकू जावं.

मी याला लाजाळूपणा म्हणत नाही, मला ते धैर्य वाटतं.

अंधारखोली

कव्हरवर पण हेच केलंय त्याने, नाही का? स्वतः कॅमेऱ्याच्या मागे, पुढे मैत्रीण. गाण्यात स्वतः गिटारमागे, पुढे मैत्रिणीचा आवाज.

निळी शाई

हो!! हे मला सुचलं नव्हतं. अगदी तेच.

मागची बाजू

आणि त्यानंतर दोनच गाण्यांनी 'माय वाँडरिंग डेज आर ओव्हर' येतं, ज्यात बँड कसा जमला त्याची गोष्ट आहे, बेल आणि सबॅस्टियनची नावं घेऊन. झोपलेला माणूस उठला आणि त्याला माणसं भेटली. गाण्यांचा क्रम मुद्दाम असा लावला की आपोआप लागला, काय माहीत, पण सलग ऐकल्यावर मला तरी तसंच ऐकू येतं.

या काळात मर्डॉक ग्लासगोत एका चर्चची देखभाल करायचा आणि चर्चच्या हॉलच्या वरच राहायचा, पुढे बँड नावारूपाला आल्यावरही कितीतरी वर्षं. १९९९ मध्ये ब्रिट अवॉर्ड्स या ब्रिटनच्या संगीत पुरस्कारांत बँड सर्वोत्कृष्ट नवोदित म्हणून निवडला गेला तेव्हाही मर्डॉक तिथेच राहत होता.

रातकिडा

काल रात्री ऐकलं. पाच गाणी, मग पाणी प्यायलो, खिडकीपाशी उभा राहिलो, मग सहावं.

'इलेक्ट्रॉनिक रेनेसाँ' अजून माझं आवडतं नाही झालं, पण पहिल्यांदा पूर्ण ऐकलं, न ढकलता. आणि त्याच्यानंतरच्या शांततेमुळे सहाव्याची गिटार एकदम जवळ आल्यासारखी वाटली. निळी शाई यांनी सांगितलं तसं शेवटी हेडफोन कानावर दाबून धरला. तिचा आवाज आला. सगळे शब्द कळले नाहीत, पण वाचतेय हे कळतं, कारण गाणाऱ्याचा सूर वेगळा आणि वाचणाऱ्याचा वेगळा. वाद्यं थांबली तेव्हा मी तसाच बसून होतो आणि पुढचा पियानो कधी सुरू झाला ते समजलंच नाही.

@पावसाळी, तुम्ही परत बघितलं का कव्हर?

पावसाळी

बघितलं. यावेळी आधी वाघाकडे बघितलं, मग तिच्याकडे. 'वी रूल द स्कूल' लावून बसलेय आत्ता, दिवा बंद आहे.